पाचवी ओळ

जबलपुरात रांझीकडच्या क्वार्टरांमध्ये मुरलीधर वैरागड्यांना पाठीमागून सगळे 'खुशालसाहेब' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. माणूस तापट, आणि त्यात लष्करी सामानाच्या कारखान्यात तपासनीस. मशीनवरून उतरलेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते गेज लावायचे, आणि केसभर फरक निघाला की लाल रंगाचा फटकारा मारून तो बाजूला टाकायचे. मग तो भाग कोणी केला, त्याची नोकरी किती वर्षांची, त्याच्या घरी लग्न आहे की आजारपण, ही चौकशी नाही. लाल म्हणजे लाल.

हे टोपणनाव पडलं ते मात्र पत्रांवरून. बासष्टच्या हिवाळ्यात चीनची लढाई लागली तेव्हा एका मोठ्या साहेबांनी सगळ्या शिफ्टला मैदानात उभं करून बजावलं होतं, की कारखान्यातली गोष्ट घरी बोलायची नाही आणि पत्रात तर मुळीच लिहायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला इत्थंभूत सांगितलं. माणसाचा स्वभावच तो. वैरागड्यांनी मात्र साहेबांचं बोलणं घरी नेऊन त्याचा कायदा केला. बायको पुष्पा आणि अकरा वर्षांची विभावरी, दोघींना समोर बसवून त्यांनी सांगितलं की ह्या घरातून जाणाऱ्या पत्रात यापुढे चारच ओळी राहतील. पत्र मिळालं. इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवावी. काळजी नसावी. दुखणंखुपणं, पाहुणेरावळे, येणंजाणं, काही म्हणता काही लिहायचं नाही.

"अहो, वर्ध्याला माझ्या आईला वांग्याची भाजी केली म्हणून लिहिलं, तर चीनवाल्याले काय कळणार आहे?" पुष्पा म्हणाली होती.

"आज वांगं लिहिशील, उद्या मी ओव्हरटाइमला गेलो म्हणून लिहिशील. चारच."

चीनची लढाई महिन्याभरात संपली. वैरागड्यांचा कायदा राहिला. पासष्टला पुन्हा लढाई, पुन्हा बारा-बारा तासांची ड्यूटी. त्याच पावसाळ्याच्या शेवटी पुष्पाला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. तिच्या आईला वर्ध्याला दर पंधरा दिवसांनी कार्ड जात होतं, विभावरी लिहायची, चार ओळी. म्हातारी आली ती थेट तेराव्याला. तिने रडारड केली नाही. चहाचा कप हातात धरून एवढंच म्हणाली, "जावईबापू, मागच्या आठवड्यात तर खुशाल होती न माझी पोरगी?" वैरागड्यांना वाटलं, दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं आहे.

एकोणसत्तरला विभावरीचं लग्न झालं. मुलगा श्रीरंग, कारखान्यात ट्रेसर होता, नकाशांच्या नकला काढायचा. कोकणातल्या समुद्रकाठच्या सुरंगवाडीचा. बाप वारला म्हणून नोकरी सोडून नारळीची बाग आणि आई सांभाळायला परत चालला होता. वैरागड्यांना तो आवडला, कारण तो कामापुरतं बोलायचा. नागपूरकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, इतक्या लांब पोरगी देता का म्हणाले. वैरागड्यांनी कोणाला भीक घातली नाही. लग्न लावलं आणि स्टेशनवर गाडी हलताना खिडकीत हात घालून मुलीला सांगितलं, "महिन्याला एक कार्ड." ती बरं म्हणाली.

आणि कार्ड यायचं. अडीच वर्षं दर महिन्याला, चार ओळींचं, सुबक अक्षरातलं. वैरागडे ते वाचायचे, तारीख पाहायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. स्वतः ते कधी सुरंगवाडीला गेले नाहीत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्न खाऊ नये ही त्यांच्याकडची जुनी रीत. ती रीत त्यांना सोयीची होती असंही म्हणता येईल. नाहीतरी एकाहत्तर साल उजाडल्यापासून कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

घरी मात्र फुरसतच फुरसत होती. भोंगा वाजला की घरी यावं, स्टोव्ह पेटवावा, दोन पोळ्या कराव्या, आणि मग काय करावं हे कळू नये. बोलायला कोणी नाही आणि बोलायची सवयही नाही. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक विलायती फटफटी उचलली होती, दुसऱ्या महायुद्धातली. तिचा सांगाडाच तेवढा धड होता. चार वर्षं रविवारचे रविवार घालवून त्यांनी ती उभी केली. मग रविवारी ते भेडाघाटला जायचे. बाकीची मंडळी बायकापोरांसकट नावेत बसून संगमरवराच्या कड्यांमधून फिरायची, हसायची, नावाड्याशी घासाघीस करायची. वैरागडे काठावर उभ्याने चहा प्यायचे आणि परत यायचे. शेजारच्या दिवाकरने एकदा विचारलंही होतं, "भैया, येवढी मेहनत करून गाडी बनवली, अन् कुठं जात नाही काहून?" वैरागडे म्हणाले, "जाऊन तर राहिलो न भेडाघाटला."

डिसेंबरातली लढाई तेरा दिवसांत जिंकली. बडा फुहाऱ्याच्या चौकात पेढे वाटले गेले, लोक नाचले. वैरागड्यांनी घरी येऊन खिडकीच्या काचांवरचा ब्लॅकआउटचा काळा कागद खरवडून काढला, तेवढाच त्यांचा सण. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड आलं.

ओळी त्याच होत्या. पत्र मिळालं, सर्व खुशाल, खुशाली कळवावी, काळजी नसावी. खाली 'सौ. विभावरी'. पण अक्षर तिचं नव्हतं.

वैरागड्यांनी डबा उघडून जुनी कार्डं काढली, खाटेवर मांडली आणि शेजारी हे ठेवलं. केसभर नव्हे, हातभर फरक होता. हे अक्षर कच्चं होतं, शाळकरी, वेलांट्या मोठ्या. ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसले. माणूस आपल्या नावाचं पत्र दुसऱ्याकडून केव्हा लिहवून घेतो? आजारी असला म्हणजे. किंवा नसलाच म्हणजे. हा दुसरा विचार मनात आल्यावर ते उठून उभे राहिले आणि मग परत बसले, कारण उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी त्यांनी तार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'सर्व खुशाल. श्रीरंग.'

जन्मात पहिल्यांदा वैरागड्यांना त्या शब्दाची भीती वाटली. पुष्पा अंथरुणावर पिवळी पडत होती तेव्हा वर्ध्याला हेच जात होतं. म्हातारी काय म्हणाली होती ते त्यांना सहा वर्षांनी, तारेचा कागद हातात धरून, पोस्टाच्या पायरीवर कळलं.

रजा साचलेली होती. साहेब म्हणाले, "पच्चीस दिन? आप करेंगे क्या, वैरागडेजी?" वैरागडे म्हणाले, "काम है." फौजेच्या वाहतुकीमुळे रेल्वेगाड्यांचं काही खरं नव्हतं, आणि रेल्वेने गेलं तरी पुढे एसटी, होडी, पुन्हा एसटी. शिवाय त्यांच्या मनात एक होतं. मुलगी जिवंत असेल आणि तिथे सुखात नसेल, तर तिला तिथल्या तिथे उचलून आणायची, कोणाला विचारायचं नाही. त्यांनी फटफटीला मागची गादी बसवली, जास्तीचे प्लग, क्लचची वायर, ट्यूब आणि एक घोंगडी बांधली, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या धुक्यात निघाले. दिवाकर फाटकाशी उभा होता. "भैया, पोहोचले की लिहा," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

सिवनी, नागपूर, अमरावती, अकोला. नागपुरात तीन घरं नात्यातली होती, तिथे ते थांबले नाहीत. लोक विचारतील, मग सांगावं लागेल. मेहकरजवळ चेन तुटली, ती रस्त्याच्या कडेला बसून जोडली. पुण्याच्या पुढे घाट उतरून महाडला आले तेव्हा पाचवा दिवस होता आणि पाच दिवसांत त्यांच्या तोंडून पेट्रोल, चहा, किती झाले आणि पुढचा रस्ता, ह्यापलीकडे शब्द गेला नव्हता.

समुद्र त्यांनी एका टेकडीच्या वळणावर पहिल्यांदा पाहिला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. फटफटी बंद केली आणि उतरले. नर्मदेला पलीकडचा काठ असतो, कितीही पूर आला तरी असतो. इथे काही नव्हतंच. बाजूला कोणीतरी असावं असं त्यांना फार वाटलं, कोणीही, आणि म्हणावं, अरे, पाहून राहिला का? कोणी नव्हतं. त्यांनी प्लग पुसला, जो पुसायची गरज नव्हती, आणि पुढे निघाले.

तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता होता, म्हणजे असायचा तिथे होता. लाल मातीचा, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा. कुठे माडांच्या बागांमधून, दगडी गडग्यांच्या मधून, कुठे सरळ पुळणीवरून, ओल्या घट्ट वाळूतून. वाटेत वाळत घातलेली मासळी, तिचा वास, तिच्यावर राखण करणाऱ्या बायका. फटफटीचा आवाज आला की बायका हात कपाळावर धरून पाहायच्या आणि पोरं मागे धावायची. कुठले हो तुम्ही, कुठं निघालात, एकटेच का? सगळीकडे तेच प्रश्न. वैरागडे म्हणायचे, "लांबचा आहे. काम आहे." लोकांचा हिरमोड व्हायचा. दोघांनी तर पाण्याचा तांब्या दिला आणि उत्तराची वाट पाहत समोर बसूनही राहिले. वैरागड्यांनी तांब्या परत दिला आणि किक मारली. पुढे मैलभर त्यांना त्या तांब्याची लाज वाटत राहिली, पण मागे फिरावं इतकी नाही.

दर पाच-दहा मैलांवर खाडी आडवी यायची. पूल नाही. होडीत फळ्या टाकून चार जणांनी फटफटी उचलून घालायची, पलीकडे तशीच उतरवायची. सुरंगवाडीच्या अलीकडच्या शेवटच्या खाडीवर ते पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि पाणी ओसरत होतं. होडीवाला बळीराम, साठीचा, अंगाने वाळलेला, जाळं विणत बसला होता.

"आता न्हाय जायची होडी," तो म्हणाला. "ओहोटी लागली. मधी गाळात रुतंल. उद्या सकाळच्या भरतीला या."

वैरागड्यांनी पलीकडे पाहिलं. खाडीपलीकडे बारा मैलांवर मुलगी होती. किंवा नव्हती. सात दिवस प्रवास करून इथवर आल्यावर आता रात्रभर थांबायचं होतं.

"काय निकड हाय का?" बळीरामने जाळ्यावरून मान वर करून विचारलं. "असंल तर सांगा."

तोंड उघडलं की झालं असतं. पण दहा वर्षं लावून घेतलेली कडी अशी चटकन निघत नाही. "नाही, काही नाही," वैरागडे म्हणाले. आणि बळीरामच्या पडवीत घोंगडी पसरून ते सकाळपर्यंत तळमळत पडले. बळीरामच्या बायकोने भात-आमटी वाढली, ती त्यांनी खाली मान घालून खाल्ली.

सकाळी भरती आली, फटफटी होडीत चढली. पाण्याच्या मध्यावर आल्यावर, का कोण जाणे, कदाचित परतीची सोय उरली नाही म्हणून, वैरागडे आपणहून बोलले. "सुरंगवाडीला माझी मुलगी दिली आहे. तिचं काही कळत नाही म्हणून चाललो."

बळीरामने वल्हं थांबवलं. "मग काल का न्हाय सांगितलंत? गाळातनं खांद्यावर घालून न्हेली असती गाडी. चार माणसं काय मिळाली नसती?" मग त्याने नीट निरखून पाहिलं. "सुरंगवाडीत कोणाकडं?"

"श्रीरंगकडे."

"म्हंजे जबलपूरच्या वैनी! तुमी त्यांचे बाबा." बळीराम आता त्यांच्याकडे पाहत नव्हता. "बऱ्या हायत आता त्या. परवाच बाजाराला पलीकडं आणलं व्हतं त्यास्नी."

वैरागड्यांनी फटफटीचं हँडल घट्ट धरलं. जिवंत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी तोंड फिरवलं. त्यामुळे पुढचं वाक्य त्यांनी पाठमोरं ऐकलं.

"पोराचं मातुर वाईट झालं. आश्विनात, उलटा वारा सुटला व्हता तवा. मीच डाक्टरकडं पलीकडं न्हेलं व्हतं. न्हेताना रडत व्हतं. परत आणलं तवा काय राह्यलं न्हवतं. चार म्हैन्यांचं बाळ. तुमाला कळलंच असंल म्हणा."

पलीकडे उतरल्यावर बळीरामने भाडं घ्यायला नकार दिला.

पुढचे बारा मैल ते कसे गेले हे त्यांना नंतर कधी नीट आठवलं नाही. डाव्या हाताला माड होते, उजव्या हाताला समुद्र होता, एवढं आठवे. चार महिन्यांचं, आश्विनात. म्हणजे ज्येष्ठातलं. तपासनिसाचं डोकं, ते आपसूक उलटं मोजू लागलं. चैत्रात सातवा महिना. आणि चैत्रातलं ते कार्ड त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्या एका कार्डात पाच ओळी होत्या. पाचवी होती: 'यंदा काही दिवस तिकडे यावं असं फार वाटतं.' वैरागड्यांनी ते वाचून जेवणापूर्वीच उत्तर टाकलं होतं. कामाचा जोर आहे, आणि पत्रात येण्याजाण्याविषयी लिहू नये हे तुला माहीत आहे. त्या 'येण्याजाण्याविषयी'खाली त्यांनी लाल पेन्सिलीची रेघही ओढली होती. पहिलं बाळंतपण. पोरगी माहेर मागत होती. आई असती तर ती बोलावलं नसतं तरी गाडीत बसवून घेऊन आली असती. इथे बाप होता, आणि बापाने ओळ रिजेक्ट केली होती.

एका ठिकाणी चाक मऊ वाळूत रुतलं आणि फटफटी आडवी झाली. ती उचलायला त्यांना तीन वेळा जोर लावावा लागला. जवळपास कोणी नव्हतं. ते तिच्या बाजूला वाळूत बसले आणि मोठ्याने रडले. पुष्पा गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

सुरंगवाडीत विचारायची गरज पडली नाही. पोरं फटफटीपुढे धावत त्यांना थेट दारात घेऊन गेली. विभावरी अंगणात शेणाने सारवलेल्या खळ्यावर सुपाऱ्या वाळत घालत होती. उजवं मनगट फडक्याने बांधलेलं होतं. वाळली होती, काळवंडली होती. तिने बापाला पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"बाबा? अचानक? काही झालं का?"

"तुझं अक्षर," वैरागडे म्हणाले. "कार्डावर तुझं अक्षर नव्हतं."

"विहिरीवर पाय घसरला, हात मोडला होता. शेजारची जया आहे न, सातवीतली, तिच्याकडून लिहवून घेतलं. आता बरा आहे." ती हसली. "तेवढ्यासाठी जबलपूरहून फटफटी घेऊन आले? मी खुशाल आहे, बाबा."

तिच्या सासूने लगेच ताट वाढलं. वैरागड्यांनी नाही म्हणावं, रीत सांगावी, तशी ती वेळ होती. सासू हळूच म्हणाली, "जेवा, व्याही. आता जेवायला हरकत नाही तुम्हाला." श्रीरंग मान खाली घालून बसला होता. वैरागडे जेवले. ताटात काही टाकलं नाही.

जेवण झाल्यावर बाप-लेक मागच्या पडवीत बसले. विभावरी अडकित्त्याने डाव्या हाताने सुपारी फोडायचा प्रयत्न करत होती आणि जमत नव्हतं. त्यांनी अडकित्ता तिच्या हातातून घेतला.

"होडीवाल्याने सांगितलं मला," ते म्हणाले.

तिने खाली सांडलेल्या सुपाऱ्या गोळा करायला घेतल्या.

"लिहिलं काहून नाही, विभा?"

"कोणत्या ओळीत लिहायचं होतं, बाबा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेतली मुलगी मास्तरांना खरोखर शंका विचारते तसं तिने विचारलं होतं, आणि राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

मग तिने सांगितलं. मुलगी होती. गोरी, केस भरपूर. हगवण लागली आणि दोन दिवसांत सुकली. झाली तेव्हा हे म्हणाले होते की तार करू, पण ती नको म्हणाली. बाबा स्वतःहून विचारतील तेव्हा सांगीन असं तिने मनाशी धरलं होतं. बाबा विचारतील म्हणून चार महिने वाट पाहिली. "माझाही हट्टच होता. तुमचीच आहे न मी." बागेच्या टोकाला, उंडीच्या झाडाखाली ठेवलं आहे तिला.

"नाव?" वैरागड्यांनी विचारलं. "नाव काय ठेवलं होतं?"

"पुष्पा," ती म्हणाली.

पुष्पा दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा ते ओव्हरटाइमवर होते.

"चल," ते अडकित्ता खाली ठेवून म्हणाले. "चल घरी. मी मागची गादी बसवून आणली आहे. चार महिने राहा, सहा महिने राहा. मी सगळं करीन. स्वयंपाकही येते मला आता."

"आता काय करू तिकडे येऊन?" विभावरी म्हणाली. "तेव्हा यायचं होतं."

ते आठ दिवस राहायचं ठरवून थांबले. श्रीरंगने त्यांना बाग दाखवली, रहाट दाखवला. रहाटाचा खिळखिळा झालेला कणा त्यांनी काढून बसवला, दाराच्या बिजागऱ्या ठीक केल्या, जमतील तेवढ्या मोडक्या वस्तू दुरुस्त केल्या. रोज सकाळी उंडीच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. मुलगी वेळेवर चहा द्यायची, आंघोळीला पाणी काढायची. त्यांनी तिला सांगितलं की आता मला सगळं लिहीत जा, पान भरून लिही. ती म्हणाली, "लिहीन." दुसऱ्या संध्याकाळी ती त्यांच्याजवळ येऊन बसली, बाग यंदा बरी आहे म्हणाली, सासूचे गुडघे दुखतात म्हणाली, आणि मग दोघंही समुद्राकडे पाहत बसले. तिने प्रयत्न केला होता हे त्यांना कळलं. त्यांनीही केला. पुष्पाच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलायचं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि दोन वाक्यांवर त्यांच्याजवळचे शब्द संपले.

पाचव्या दिवशी सकाळी ते पडवीत दाढी करत होते. विहिरीवर विभावरी आणि ती जया होती. प्रथम त्यांना वाटलं, तिसरी कोणी बाई आली आहे. कारण कोणीतरी धबधब्यासारखं बोलत होतं, तिकडच्या हेल काढून बोलण्यात, मध्येच हसत. सासूने रात्री मांजराला कसं कोंडलं, बाजारात बांगडीवाल्याला कसं फसवलं, बळीरामकाकाची बायको काय म्हणाली. मग आवाज खाली आला आणि ती बाळाविषयी बोलू लागली. पावडर लावली की ती कशी शिंकायची, आणि आता कधीकधी दुपारी तिचा रडण्याचा भास होतो आणि आपण हातातलं काम टाकून धावतो. जया मध्येमध्ये 'हो ना' म्हणत होती. सातवीतली पोर, पण तिला सगळं ठाऊक होतं. ती बोलणारी विभावरी होती. अख्ख्या सुरंगवाडीशी बोलत होती ती, अडीच वर्षं.

वैरागडे अर्धी दाढी तशीच ठेवून, हातात वस्तरा घेऊन, विहिरीकडे दोन पावलं गेले. फक्त जवळून ऐकावं म्हणून. विभावरीने त्यांना पाहिलं. ती थांबली, पदर सारखा केला. "चहा पाहिजे का, बाबा?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले, आणि परत आले.

ते तिला एकटेपणातून सोडवायला आले होते. तिथे एकटं कोणी असेल तर ते वैरागडे होते, आणि त्यांना ह्या घरातल्या मांजराइतकंही कोणी ओळखत नव्हतं. हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं, तोंड धुतलं आणि सामान बांधायला घेतलं. विभावरीला ते म्हणाले, रजेचा हिशेब चुकला, निघायला हवं. तिने राहा म्हटलं, पण एकदाच म्हटलं. सासूने कोकमं बांधून दिली, श्रीरंगने मागच्या गादीवर सहा नारळांचं पोतं आवळलं. विभावरी वाकून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही. "सांभाळून जा, बाबा," ती म्हणाली, आणि विहिरीवर धुणं तसंच राहिलं होतं म्हणून मागे वळली.

ते फटफटीजवळ आले. टाकीची चावी उघडली, किकवर पाय ठेवला. घरामागून पुन्हा आवाज येऊ लागला होता. आधी जयाचा, मग तिचा. ती बाबांविषयी सांगत होती, मनगट बघायला म्हणून फटफटीवर बसून एवढ्या लांब आले गं, सात दिवस, एकटे. शब्द सगळे कळत नव्हते, हेल कळत होता.

वैरागड्यांनी किकवरचा पाय खाली घेतला. इंजिन सुरू झालं असतं तर ती बोलायची थांबली असती. त्यांनी हँडल धरलं आणि नारळांसकट ती जड फटफटी अंगणातून, गडग्याच्या कडेने, आवाज ऐकू यायचा बंद होईपर्यंत, हाताने ढकलत नेली.